बाजारात पिशवी घेऊन फिरणाऱ्या सिस्टर आणि त्यांची विसरली गेलेली संस्थापिका

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची आत्या अविवाहित, ऐंशीच्या घरातली, आता एकटीने राहणं जमत नाही. कोणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी अंधेरीला महाकाली केव्हज रोडवरच्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ यांच्या वृद्धाश्रमाची माहिती काढायला घेतली आणि गोंधळात पडल्या. या मदर तेरेसांच्याच सिस्टर का? एका जुन्या पुस्तिकेत संस्थापक म्हणून फ्रेंच फादरचं नाव आहे आणि बाकी सगळीकडे एका बाईचं, ते कसं? एवढ्या मोठ्या चर्चच्या सिस्टर बाजारात पिशवी घेऊन मागत का फिरतात? आणि आमची आत्या रोज हरिपाठ म्हणणारी, तिला तिथे धर्म बदलायला सांगतील का?

मी वसईची, पेशाने नर्स, आणि नोकरीचा बराचसा काळ वृद्धाश्रमांमध्ये गेला. आधी वॉर्डात होते, नंतर भरतीच्या टेबलावर आले, म्हणजे घरच्यांशी बोलायचं, कागद बघायचे, ‘जागा नाही’ हे सांगायचं. वेगवेगळ्या संस्थांच्या सिस्टरांबरोबर काम केलंय. तेव्हा या चार प्रश्नांची उत्तरं देते, पण माझ्या क्रमाने.

मदर तेरेसांचं आधी उरकून टाकते. या संस्था दोन आहेत. मदर तेरेसांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ला १९५० मध्ये मान्यता मिळाली. लिटल सिस्टर्स फ्रान्समधल्या, १८३९ पासूनच्या, आणि कलकत्त्यात त्या १८८२ पासून आहेत. दोघींचा धागा जुळतो तो एका ठिकाणी. १९४८ मध्ये लोरेटोचं कॉन्व्हेंट सोडून मदर तेरेसा पाटण्याला रुग्णसेवेचे धडे घ्यायला गेल्या. तिथून डिसेंबरात कलकत्त्याला परतल्या तेव्हा हातात काही नव्हतं, डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि उतरल्या त्या लिटल सिस्टर्सच्या सेंट जोसेफ्स होममध्ये. मोतीझीलच्या वस्तीत त्यांनी काम सुरू केलं ते तिथूनच. त्यामुळे लोकांची गल्लत होते यात नवल नाही.

आता त्या बाईचं. तिचं नाव झान झ्युगां. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण बाकीच्या तिन्ही उत्तरांचं मूळ तिच्यात आहे.

फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरच्या कांकाल या कोळ्यांच्या गावात २५ ऑक्टोबर १७९२ ला ती जन्मली. बाप मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा ही चार वर्षांचीही नव्हती. आईने मोलमजुरी करून पोरं वाढवली. काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा. मठ बंद पडलेले, धर्मगुरू परागंदा, आणि मठांच्या आधाराने चालणारी गरिबांची रुग्णालयं नि अनाथालयं विस्कटलेली. मुलांना देवाधर्माचं शिकवायचं तर घरात लपूनछपून. झानने गुरं राखली, लोकर कातायला शिकली, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास एका उमरावीण बाईंकडे स्वयंपाकघरात कामाला लागली. त्या बाई गरिबांच्या घरी जात तेव्हा हिला बरोबर नेत. एका खलाशाने मागणी घातली, तिने नाकारली. ‘देव मला एका कामासाठी राखून ठेवतोय, ते काम अजून सुरू झालेलं नाही,’ असं ती आईला म्हणाल्याचं संस्थेत सांगतात.

ते काम सुरू व्हायला तिची सत्तेचाळिशी उजाडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे संतचरित्र म्हटलं की बालपणीच चमत्कार. इथे मधली तीस वर्षं निव्वळ नोकरी आहे. सां-सेर्वां नावाच्या बंदराच्या गावी रुग्णालयात सहा वर्षं काम केलं, तब्येत ढासळली. मग एका वयस्क बाईंकडे घरकाम आणि सोबत, ती बाई १८३५ मध्ये वारेपर्यंत. या काळात ती संत जाँ यूद या जुन्या फ्रेंच धर्मगुरूंच्या परंपरेतल्या एका प्रापंचिक भक्तमंडळात होती. घरी राहून, पोटापाण्याचं काम करून, प्रार्थनेचा नेम पाळायचा, अशी ती रीत. माझ्या मते संस्थेची आध्यात्मिक बैठक या मंडळात तयार झाली, म्हणजे मठाच्या भिंतीआड तोवर कधी न गेलेल्या एका मोलकरणीच्या रोजच्या दिवसात.

नंतर ती, फ्रांस्वाझ ओबेर ही सत्तरी ओलांडलेली मैत्रीण आणि व्हर्जिनी नावाची सतरा वर्षांची पोरकी मुलगी, अशा तिघी दोन खोल्यांत राहत होत्या. कातकाम आणि लोकांचे कपडे धुणं यावर घर चालायचं. १८३९ च्या हिवाळ्यात झानने आन शोव्हां नावाच्या आंधळ्या, अर्धांगाचा झटका आलेल्या म्हातारीला घरी आणलं. पाठीवर घेऊन जिना चढली असं सांगतात. स्वतःचा पलंग तिला दिला आणि आपण वर माळ्यावर झोपायला गेली. संस्थेची स्थापना म्हणतात ती हीच. ठराव नाही, घटना नाही, पायाभरणीचा दगड नाही. म्हातारी आली आणि पलंग दिला, एवढंच. थोड्याच दिवसांत दुसरी आली. ती तर अशी मोलकरीण, की मालक कंगाल झाल्यावरही पगाराशिवाय त्यांचं करत राहिली, त्यांच्यासाठी भीक मागत राहिली, आणि ते गेल्यावर रस्त्यावर आली.

१८४१ मध्ये एका जुन्या दारूच्या गुत्त्याचा तळमजला भाड्याने घेतला, तिथे बारा म्हाताऱ्या मावल्या. १८४२ मध्ये एक जुनी मठाची इमारत घेतली आणि त्याच वर्षी सोबतिणींनी झानला प्रमुख निवडलं.

इथे ते फादर येतात, ऑग्युस्त ल पायर. गावातले तरुण पुरोहित, व्हर्जिनी आणि तिची मैत्रीण मारी झामे यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक. सुरुवातीला त्यांची मदत झाली हे नाकारू नये. पण डिसेंबर १८४३ मध्ये झान पुन्हा निवडून आली आणि पंधरवड्याच्या आत त्यांनी ती निवड रद्द करून विशीतल्या मारी झामेला प्रमुख नेमलं. झानला काम दिलं ते पिशवी घेऊन मागत फिरण्याचं. ती गेली. रेन, दिनां, तूर, आंजे अशा गावोगावी तिच्या मागण्यातून घरं उभी राहिली. १८५२ मध्ये रेनच्या बिशपांनी संस्थेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी फादरांनी तिला मुख्य मठात बोलावून घेतलं. यापुढे बाहेर जायचं नाही, दात्यांशी संबंध ठेवायचा नाही. तेव्हापासून २९ ऑगस्ट १८७९ ला मरेपर्यंत, सत्तावीस वर्षं, ती नवशिक्या मुलींमध्ये ‘सिस्टर मारी द ला क्रुआ’, क्रुसाची मरिया, या नावाने राहिली. शेवटची वर्षं ब्रिटनीतल्या सां-पेर्न इथे, ला तूर सां-जोझेफ या मठात. ती गेली तेव्हा संस्थेत २,४०० सिस्टर होत्या, आणि आपल्यात वावरणारी काठी टेकत चालणारी ही म्हातारी संस्थापिका आहे हे तरुण सिस्टरांपैकी बहुतेकींना ठाऊकही नव्हतं. तिला ‘तिसरी लिटल सिस्टर’ म्हणत. इतिहासच तसा लिहून घेतला होता.

तुमच्या हाती आलेली जुनी पुस्तिका त्याच इतिहासाची असणार.

खरं बाहेर आलं ते कसं, हेही सांगण्याजोगं आहे. १८९० मध्ये रोमने चौकशी करून ल पायर यांना पदावरून दूर केलं. मारी झामेनेही ‘पहिली मी नव्हे, झान झ्युगां’ असं अखेरीस कबूल केल्याचं नमूद आहे. पण सर्वांत भक्कम पुरावा त्याहून जुना, आणि तो चर्चचा नाही. फ्रेंच अकादमी दरवर्षी गरीब माणसाच्या सत्कृत्यासाठी मोंतियों पुरस्कार द्यायची. सां-सेर्वांच्या महापौरांनी आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी सह्या करून झानचं नाव पाठवलं आणि डिसेंबर १८४५ मध्ये तिला ३,००० फ्रँकचा पुरस्कार मिळाला. अकादमीतलं भाषण छापलं गेलं. नव्या गावी मागायला जाताना ती त्याची प्रत ओळखपत्रासारखी दाखवायची. काम कोणी सुरू केलं हे त्या छापील कागदावर होतं. फादरांना तो पुसता आला नाही. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं आणि ११ ऑक्टोबर २००९ ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद दिलं.

प्रवचनात फादर लोक या सत्तावीस वर्षांचं वर्णन ‘नम्रतेचा आदर्श’ म्हणून करतात. मला ते अर्धवट वाटतं. तिच्यावर अन्याय झाला, तो आधी अन्याय म्हणून सांगावा. ‘तुम्ही माझं काम माझ्यापासून चोरलंत, पण मी ते खुशीने तुम्हाला देते,’ असं ती ल पायर यांना म्हणाल्याचं संस्थेत परंपरेने सांगतात. या वाक्यात चोरीला चोरीच म्हटलंय. गप्प राहून गिळणारी बाई असं बोलत नाही. तिने हिशेब केला असणार, की भांडत बसले तर म्हाताऱ्यांची घरं फुटतील.

आता मागण्याकडे येते. सुरुवातीला त्या म्हाताऱ्या स्वतःच भीक मागून जगत होत्या. त्यांच्या ठरलेल्या दारांवर झान त्यांच्या बदली जायला लागली, की तुम्ही घरी बसा, मी तुमच्या नावाने मागून आणते. सेंट जॉन ऑफ गॉडचे बंधू, म्हणजे रुग्णसेवा करणारे व्रतस्थ पुरुष, यांची मागण्याची जुनी परंपरा होती. त्यांच्यातल्या एका बंधूने तिला धीर दिला आणि पहिली टोपली दिली. कुणी एकाने चिडून तिला थप्पड मारली तेव्हा ती म्हणाली, ‘हे मला मिळालं, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या,’ ही गोष्ट या संस्थेच्या प्रत्येक घरात ऐकायला मिळते.

आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कथा आहेत, म्हणून मागण्याचं आपल्याला परकेपण नसावं. तरी फरक आहे. माधुकरीत मागणारा स्वतःच्या पोटासाठी मागतो. इथे मागणारीने स्वतः गरीब राहून तिसऱ्यासाठी मागायचं असतं.

आणि हे नुसतं प्रतीक म्हणून ठेवलेलं नाही. १८६५ मध्ये कायमचं ठरावीक उत्पन्न देणारा निधी घ्यावा का, हा प्रश्न आला. झान तेव्हा बाजूला टाकलेली, तरीही तिचं मत विचारलं गेलं. तिने नको म्हटलं. कायम उत्पन्न ठेवायचं नाही असा निर्णय झाला आणि त्या कागदावर तिची सही आहे. आपल्याकडे कुठलाही ट्रस्ट काढला की सल्लागार पहिल्यांदा ‘कॉर्पस उभा करा, व्याजावर चालवा’ म्हणतो. मीही इतर संस्थांना हेच सांगत आले, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेच शहाणपणाचं आहे. पण व्याजावर चालणाऱ्या आश्रमात काय होतं ते मी पाहिलंय. ठेव वाढते, विश्वस्तांचं लक्ष ठेवीकडे वळतं, आणि ‘खर्चिक’ पेशंट, म्हणजे अंथरुणाला खिळलेली, नळीने भरवावी लागणारी बाई, हळूहळू नकोशी होते. लिटल सिस्टर्सकडे व्याज नाही, त्यामुळे रोज बाजारात जावं लागतं, आणि बाजारातला भाजीवाला विचारतो, ‘काय सिस्टर, म्हातारी मंडळी बरी आहेत ना?’ आश्रमाचं जगाशी असलेलं दार त्यामुळे रोज उघडावं लागतं. तोटाही आहेच. एखाद्या महिन्यात डायपर भरपूर आणि तेल नाही, असं होतं. ज्यांना नियोजनाची सवय आहे त्यांची इथे घुसमट होते. माझी झाली असती.

यावर त्यांचा उपाय पाहून मला आधी हसू आलं होतं. संत जोसेफ हे त्यांचे पुरवठादार. येशूचे पालकपिता, नाझरेथचं घर चालवणारे सुतार, म्हणून घरखर्च त्यांच्याकडे. एखादी वस्तू संपत आली की तिचा नमुना त्यांच्या पुतळ्यापुढे ठेवायचा. तांदळाचा रिकामा डबा, एक बटाटा, साबणाची वडी. एका घरी पुतळ्याच्या पायाशी बिघडलेल्या वॉशिंग मशीनची वायर गुंडाळून ठेवलेली मी बघितली आहे. सिस्टर तिथून जाता-येता हात जोडायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती वायर दिसायची. भक्ती आणि जाहिरात यांचा असा मेळ मी दुसरीकडे पाहिला नाही.

इतर सिस्टरांसारखी यांची दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं आहेतच. त्यावर चौथं, आतिथ्याचं. वॉर्डाच्या कामात त्याचा अर्थ असा होतो, की आलेली म्हातारी ‘केस’ नसते, पाहुणी असते, आणि घर तिचं असतं. ‘गरीब म्हणजे आपले प्रभू, हे कधी विसरू नका,’ असं झान नवशिक्या मुलींना सांगायची. ऐकायला हे भाविक वाटतं. पण रात्री तीनला चौथ्यांदा चादर बदलताना नर्सच्या मनात काय येतं हे मला माहीत आहे, आणि त्या वेळी ‘हा प्रभू आहे’ असं मनाशी म्हणायची सवय लागलेली बाई आणि न लागलेली बाई यांच्या हातात फरक असतो. कूस बदलताना कळतो तो.

‘लिटल’ म्हणजे काय तेही इथेच. ‘देवापुढे लहान व्हा, अगदी लहान,’ हे झानचं आवडतं सांगणं. व्यवहारात ते असं दिसतं, की मदर सुपिरिअर, म्हणजे घराची प्रमुख सिस्टर, पंगतीत वाढायला उभी असते, आणि ज्या सिस्टरच्या नावावर आश्रमाचे सगळे कागद आहेत ती संध्याकाळी कुणाची तरी नखं कापत असते.

अखेरच्या दिवसांबद्दल एक सांगते, कारण घरचे हा प्रश्न ओठावर येऊनही विचारत नाहीत. या घरांमध्ये मरणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नाही असा नेम आहे. सिस्टर पाळीपाळीने, रात्रंदिवस उशाशी बसतात. आम्ही नर्सा नाडी-श्वास बघून जातो-येतो. त्या बसून राहतात, हात धरून, ओठ ओले करत, जपमाळ म्हणत. संत जोसेफ हे चांगल्या मरणाचेही आश्रयदाते मानले जातात. मोठमोठ्या इस्पितळांत हल्ली ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्यातला औषधांचा भाग डॉक्टरांचा, पण सोबतीचा भाग या बायका त्या शब्दाच्या कितीतरी आधीपासून करताहेत.

धर्माचं विचारलंत. म्हातारपण आणि गरिबी, प्रवेशाचा निकष या दोन गोष्टींवर असतो, धर्मावर नाही. घरात चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, असतं, रोज मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते, जेवणाआधी प्रार्थना होते. हे वातावरण कॅथलिक आहे आणि त्या ते लपवत नाहीत. तुमच्या आत्याला त्याचा त्रास होणार असेल तर आधीच बोला. पण पलंगाशेजारच्या कपाटावर विठोबाची तसबीर ठेवलेल्या आज्या मी अशा घरांत पाहिल्या आहेत, आणि त्या गेल्यावर अंत्यविधी घरच्यांच्या रीतीने झालेले पाहिले आहेत. हरिपाठाला कोणी अडवणार नाही. फार तर शेजारच्या पलंगावरची मंगलोरी बाई आवाज कमी करा म्हणेल.

इंटरनेटवर संस्थेचं नाव टाकलंत तर अमेरिकेतला सुप्रीम कोर्टाचा खटला आधी पुढ्यात येईल. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात संततिनियमनाची साधनं पुरवण्याच्या सक्तीवरून तो होता, २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही, पुढे सरका. दुसरी एक गोष्ट मात्र संबंध असलेली आहे. युरोप-अमेरिकेत नव्या मुली येणं कमी झाल्यामुळे त्यांना तिथली बरीच घरं बंद करावी लागली किंवा दुसऱ्यांकडे सोपवावी लागली. एकेकाळी फ्रेंच सिस्टर इकडे यायच्या, आता इकडच्या तिकडे जातात. सगळीकडेच हात कमी, म्हणून जागा मोजक्या.

आता व्यवहाराचं. ही घरं ज्यांना दुसरा आधार नाही अशांसाठी आहेत. मुलगा ठाण्यात टू-बीएचकेत राहतो आणि आईला इथे ठेवायचंय, अशा अर्जाला बहुधा नकारच मिळतो, आणि तो मिळावा. मुलांवरची जबाबदारी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही ठरवून दिलेली आहे. तुमच्या आत्याला मूलबाळ नाही, त्यामुळे तुमची बाजू खरी आहे. पण तिच्या नावावर खोली किंवा पेन्शन असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. लपवलेलं नंतर कळलं की विश्वास जातो. आधार कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, आधीच्या डिस्चार्जचे कागद आणि अलीकडच्या रक्ततपासण्या बरोबर न्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, रात्री उठून दार उघडून जात असेल, तर तेही सांगा, कारण सगळ्या घरांत त्यासाठी माणसं नसतात. फोन करून वेळ ठरवूनच जा. जेवणाच्या आणि मिस्सेच्या वेळी कोणी तुमच्याशी बोलायला बसू शकत नाही.

आणि आत्याला बरोबर न्या. ‘आधी आम्ही बघून येतो, मग तिला सांगू’ असं बहुतेक घरचे करतात. सिस्टर पहिल्या भेटीत तुमच्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलतील, काय खातेस, कशाची भीती वाटते, इथे यायचंय का असं तिलाच विचारतील. त्या वेळी तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. ती ‘नाही’ म्हणाली तर त्या घेणार नाहीत, मग जागा रिकामी असो वा नसो.